पहिली पिशवी

शाईचा डबा शेंडकरांनी दिला.
फुकट नाही, तीस रुपयांना,
वर म्हणाले, झाकण मात्र परत आण.
नवी पेठेतला त्यांचा छापखाना बंद होऊन सहा वर्षं झाली.
ट्रेडल भंगारात गेलं, खिळे किलोवर गेले,
उरले दोन डबे, रॉकेलचं एक फडकं
आणि शेंडकर.

शाईवर साय धरली होती.
दुधावरची काढते तशीच काढली, सुरीनं.
खाली काळंभोर, लकाकणारं, जवसाच्या तेलाचा वास.

त्याआधी प्रणीतच्या शाळेच्या रंगानं करून पाहिलं होतं.
काय देखणी उठली होती कोयरी!
पहिल्याच धुण्यात बादलीत उतरली.
पाणी निळं, कापड कोरं,
आणि मोरीच्या जाळीपाशी थोडी नक्षी घुटमळलेली.

म्हणून ही पत्रिकांची शाई.
हिनं किती घरांत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ झालं असेल,
माझं तर एवढंच काम:
दत्तवाडीतल्या माझ्या टपरीवरून
साडी घेऊन जाणाऱ्या बाईच्या हातात
मांजरपाटाची एक पिशवी असावी,
पिशवीवर एक शब्द.

ठसा प्रणीतच्या तुटक्या स्लिपरचा.
टाचेच्या बाजूला रबर जाड होतं, तिथे कोरला,
ब्लेडनं, दोन रात्री, पिको-फॉलचं गिऱ्हाईक संपल्यावर.
लाटण्याला सायकलची ट्यूब चढवून रोलर केला,
स्टीलच्या ताटात शाई लाटली, पोळीसारखी,
ती चटचट बोलायला लागली तशी थांबले.
ठसा ठेवला. वाटीच्या बुडानं घासला. उचलला.

को आधी.
मग पि, वेलांटी भलत्याच हाताला.
सरळ कोरलं होतं ना मी, शहाणी!

साबण लावला. नाही.
रॉकेल लावलं, तर शब्दाला दाढी फुटली.
नवरा म्हणाला, राहू दे, जर्मन वाटतंय.

झाकण परत द्यायचं होतंच,
तेव्हा पिशवी घेऊन गेले शेंडकरांकडे, डाग काढायला.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
कापड नाकाजवळ नेलं
आणि बोट उजवीकडून डावीकडे फिरवत वाचलं,
‘पिको. बरं उठलंय.
काना जरा बारीक आहे. दाब कमी पडला तुझा.’

मी थांबले, ते हसतील म्हणून.
हसले नाहीत.
‘काका, उलटं आहे ते.’
पुन्हा पाहिलं त्यांनी, डोळे किलकिले करून,
जणू आता त्यांना मुद्दाम चुकीचं वाचायचं होतं.
‘हो की,’ म्हणाले. ‘चाळीस वर्षं असंच वाचलंय गं.
सरळ वाचायला मला घरी गेल्यावर थोडा वेळ लागायचा.’

मग पिशवीत हात घालून ती उलटी केली.
आतल्या बाजूला तेल उतरलं होतं,
फिकट, तपकिरी कडेचं,
आणि तिथे होता माझा शब्द, सरळ.

‘कागद शाई पितो,’ म्हणाले,
‘कापड नुसती ओठाला लावतं. आठ दिवस हात लावू नकोस.’

आठाचे अकरा झाले.
चोवीस पिशव्या खोलीभर दोरीवर,
नवरा मान वाकवून चहाला यायचा,
मी रोज सकाळी अंगठा फिरवायचे,
अंगठा रोज काळा.
या चोवीस बरोबर निघाल्या. उलटं कोरायला शिकले,
इतकं, की आता म्हात्रे पुलावरून जाताना
समोरच्या रिक्षाच्या आरशातली पाटी
मी आधी वाचते, मग पाटी.

ती पहिली कुणाला दिली नाही. भाजीला नेते.
चार धुण्यांत काळ्याचा राखाडी झालाय,
गेला नाही.
परवा भाजीवाली कौसाबाई म्हणाली,
‘ताई, ही कंची भाषा?’

मी पिशवी उलटी केली, तिला दाखवली,
आणि मेथीची जुडी
चुकून तशीच बाहेरच्या बाजूला धरली.