गाडी लांब लावा

यादी मी दोन दिवस आधीच पाठवते.
फ्रिजवरचे लोहचुंबक काढा.
संडासाचं झाकण मिटलेलं असू द्या.
भर दुपार असली तरी सगळे दिवे लावा,
पंखे मात्र बंद, फोटोत पाती विरघळतात.
मांजर, औषधं, कचऱ्याचा डबा, सगळं नजरेआड.
आणि गाडी दारासमोर नको. लांब लावा.

लोक हो हो म्हणतात, तरी काहीतरी राहतंच.
थंडर बेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
अकरा वर्षं मी परक्यांचे टूथब्रश
कपाटात ढकलत आलेय.

पण रेइनो लेहतिमाकींनी माझ्या यादीवर
पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, ओळीगणिक,
खाली तारीख घालून सही.
"बंदरावर धान्याच्या कोठारात तपासनीस होतो," म्हणाले,
"कागद पुरा झाल्याशिवाय
बोटीत गहू चढत नसे."

घर चाटूनपुसून लख्ख.
ओट्यावर वाडगा, वाडग्यात सहा लिंबं.
लेकीनं फोनवरून बजावलं होतं, लिंबं हवीतच.
"या घरात एका वेळी सहा लिंबं
कधी आलीच नाहीत. लग्नातसुद्धा."
पलंगावर नऊ उशा, भाड्यानं आणलेल्या.
त्यांनी मोजल्या, पुन्हा मोजल्या.
"मग माणसानं झोपायचं कुठे?"

तळघरात सौना.
बादली, लाकडी पळी, थंड पडलेले दगड,
आणि बाकाच्या फळीवर शेजारी शेजारी
घामानं काळवंडलेले दोन डाग,
एक रुंद, एक लहानसा.
"पॉलिशपेपर मारला," ते पुटपुटले, "पण आत मुरलंय."
मी पांढरा टॉवेल पसरला,
जरा चुरगळून,
कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा.

मग ते स्वतःच गाडीकडे निघाले.
रस्त्यापलीकडे, बर्चच्या झाडाखाली, जुनी ब्यूक.
मागच्या सीटवर कोंबलेलं, जे जे मी नको म्हटलं होतं ते.
वॉकर. कॉफीचं काळं भांडं.
भांड्यांचा रॅक, अजून ओला.
बिस्किटाच्या डब्यात खडखडणारे चुंबक.
पुढच्या सीटवर औनेचं शिवणयंत्र,
त्याला पट्टा बांधलेला.
"नाही बांधला की गाडी ओरडत राहते."
मांजर त्यांनी मांडीवर घेतलं आणि दार ओढून घेतलं.

चाळीस मिनिटं.
प्रत्येक खोलीचे तीन फोटो,
एक उजळ, एक मधला, एक काळोखा,
नंतर एकात एक मिसळायचे.
उजळात खिडकी नुसती पांढरी, पलीकडे जग नाही.
काळोख्यात सगळं येतं.
सुपीरियरचं पोलादी पाणी, बर्च, ब्यूक,
थर्मासच्या झाकणातून कॉफी पिणारा माणूस,
आणि तो इकडेच बघतोय.

काम आटोपून मी हात केला.
ते आले, पायपुसण्यावर बूट घासले,
दोनदा,
आणि उंबऱ्याबाहेरूनच विचारलं,
"आत येऊ का?"
काय सांगायचं असतं अशा वेळी.
मी ट्रायपॉडचे पाय मिटत बसले.

निघताना त्यांनी दोन लिंबं माझ्या खिशात घातली.
"फोटोत सहा आलीत ना? मग बास."

रात्री एजंटबाईंचा निरोप.
दिवाणखान्याच्या खिडकीतून पाणी दिसलंच पाहिजे,
पाण्याचेच पैसे आहेत.
म्हणजे काळोखाच फोटो घ्यायला हवा.
घेतला.
शेजारचं गवत उचलून गाडीवर पसरत गेले,
आधी चाकं, मग टप, मग काच.
काचेपाशी जरा वेळ गेला.

चहात लिंबू पिळलं होतं.
आंबट होता, गार झाला होता.
खिडकीत आता नुसतं झाड आहे,
आणि त्याच्याखाली
जरा जास्तच हिरवं गवत.