अंत्यबिंदू

मानवतच्या कॉलेजात, बंद प्रयोगशाळेत
मी आणि ज्ञानोबामामा.
स्टँड, ब्युरेट, शंकुपात्र,
आणि जुन्या जर्नलांच्या ढिगाला टेकवलेला माझाच मोबाइल.
आवाज नको म्हणून मामांनी पंखा बंद केलेला.
खोकला आला की बाहेर जाऊन खोकायचे.

एकशे बारापैकी एकोणीस हजर.
हजर म्हणजे काळे चौकोन.
एका चौकोनाचं नाव ‘पप्पा नवीन नंबर’.

थेंब थेंब सोडायचं, मी सांगत होतो,
नजर हलवायची नाही,
एका थेंबात रंग पालटतो, बघा, आता
आणि नेमक्या त्या थेंबाला नेट गेलं.
आलं तेव्हा पात्र गुलाबी होऊन बसलेलं.

वैजयंता मोरतळे
गोदाकाठच्या वस्तीवरून, पाण्याच्या टाकीच्या सतराव्या पायरीवरून:
‘सर, आवाज तुटायलाय.
गुलाबी म्हंजी कसा गुलाबी?
फोनची काच गेलीय, सगळं हिरवंच दिसायलंय.’

काय सांगावं?
म्हणालो, बोंडअळी पाहिलीस ना कापसातली?
त्याहून फिका.
पलीकडं कुणीतरी हसलं,
मग कुणाची तरी म्हैस हंबरली,
मग चाळीस मिनिटं संपली.

जर्नलं व्हॉट्सॲपवर आली, वाकडे फोटो,
अंगठ्यासकट.
सगळ्यांचं वाचन दहा पूर्णांक दोन.
मी सह्या केल्या.
परीक्षेला चार पर्याय होते. सगळे पास.

परवा ती दारात उभी.
ज्युनिअर कॉलेजात लॅब असिस्टंट लागलीय, तासावर.
‘उद्या पोरांना हे मांडून द्यायचंय, सर.
हात लावून बघू का एकदा?’

तोटी तिनं अशी धरली,
जशी दुसऱ्याचं तान्हं लेकरू धरावं.
पहिल्यांदा भडक राणी रंग झाला.
‘गेला की वो पुढं!’
मामांनी न बोलता पात्र विसळून दिलं.
दुसऱ्यांदाही गेला.
तिसऱ्यांदा ती श्वास घ्यायची थांबली,
मीही.

पांढऱ्या फरशीवर
असल्या-नसल्यासारखा एक रंग.
‘बोंडअळीहून फिका,’ ती म्हणाली.

मग वाकून वाचन घेतलं, दोनदा.
नऊ पूर्णांक सात.

तिच्या जर्नलात दहा पूर्णांक दोन आहे.
खाली सही माझी.