आटे

वेलदूरच्या उतारावर मागचं चाक
कुणी कोपर मारल्यासारखं बाजूला सरलं,
काट्याला घासलं, आणि थांबलं ते झिलू रोहिलकरच्या दारात.
कॅरिअरवर बारा लाद्या पाव,
हँडलला बटरांच्या पिशव्या,
आणि धोपाव्याची नऊची फेरीबोट
माझ्यासाठी थांबणार नव्हती.

झिलू बोलत नाही. पाना बोलतो.
दोन्हीकडचे नट सोडले, चाक ओढलं,
तर एक्सल आपणहून दोन तुकड्यांत
त्याच्या तळहातावर आला.

"कधी तुटला?"
"आत्ताच की. त्या उतारावर."
त्यानं तुटकं तोंड उजेडात धरलं.
सगळीकडे तांबडा-काळा गंज, जुना, खारानं खाल्लेला.
एका कडेला नखाएवढी कोर, चकचकीत.
"आज एवढंच तुटलंय," कोरीवर अंगठा ठेवून म्हणाला,
"बाकीचा शिमग्याच्या आधीच गेलेला.
नटांनी धरलेलं, म्हणून कळलं नाही तुला."

शिमग्याच्या आधी.
म्हणजे सासूबाईंचं शिवणयंत्र जेटीपासून घरापर्यंत
दोरीनं बांधून आणलं, ते यावर.
उरुसाची मैद्याची गोण यावर.
सफिया दहावीच्या पेपरांना मागे बसून गेली, ती यावरच.
चढावर म्हणत होती, अब्बा, खाली काहीतरी टकटकतंय.
मी म्हटलं, तुझंच काळीज असेल,
भूगोल वाचलास ना नीट?

चिपळूणहून आणलेल्या नव्या एक्सलवर जुना कोन चढेना.
दोन फेऱ्या गेला, तिसरीला अडला.
झिलूनं जोर लावला नाही.
जोर लावला की याचेही आटे जातात आणि त्याचेही,
एवढं मात्र न विचारता सांगितलं.

मग होडीच्या बॅटरीचं रिकामं खोकं उपडं केलं.
एकाला बाक, एकाचे आटे झिजून गुळगुळीत.
तिसऱ्यावर कोन नुसत्या बोटानं फिरत गेला,
आवाज न करता, शेवटपर्यंत.
"कुणाचा हा?"
"बर्फवाल्या खलप्याचा. मुलाकडे गेला वाशीला.
सायकल भंगारात. हा मी काढून ठेवलेला."

जुने छर्रे घासलेटच्या वाटीत पडले ते पडलेच,
अंगाला खड्डे पडलेले. नवे घेतले.
नऊ इकडे, नऊ तिकडे,
ग्रीसमध्ये रुतून बांगड्याच्या डोळ्यांसारखे बघत होते.
फ्रीव्हीलच्या बाजूला झिलूचं बोट जाईना,
तेव्हा एक निसटला, अंगणात घरंगळला,
चिऱ्याच्या फटीत गेला.
आम्ही दोघं गुडघ्यांवर.
पाव घ्यायला आलेल्या जांभारकरांच्या सूनबाईनं
शेवटी खराट्याच्या हिरानं तो काढून दिला.
तोवर चार लाद्या तिथंच खपल्या,
एक तिची, उधारीवर.

कोन कसला की चाक रडतं, सैल सोडला की झुलतं.
शेवटचा नट आवळताना जेवढी कसर मरणार असते
तेवढी आधीच राखायची.
ती किती, हे झिलूला कुणी सांगितलं नसावं.
रिमला धरून डावी-उजवीकडे हलवायचा,
पाना केसभर फिरवायचा, पुन्हा हलवायचा.
दूर भोंगा झाला. नऊची गेली.

चाक काट्यात बसवून त्यानं हळूच ढकलून सोडलं.
गेलं, मागे आलं, पुन्हा थोडं गेलं,
आणि व्हॉल्व्ह अगदी खाली येऊन उभा राहिला.
झिलूची मान हलली. एवढीच हलते ती.

"किती झाले?"
"एक लादी. बटर नको, दात नाहीत."
तुटक्या एक्सलचा लांब तुकडा
त्यानं हातोडीनं भिंतीच्या जांभ्यात ठोकला
आणि माझीच जुनी ट्यूब त्याला अडकवली.

अंजनवेलच्या चढावर मी मुद्दाम कान दिला.
टकटक नव्हती.
म्हणून उतरलो,
आणि चाक हातानं एकदा हलवून बघितलं.