रक्कम

पंचगंगेकाठच्या या मसणवाट्यात
माझ्याआधी तातोबा कुरणे वही लिहायचे.
त्यांच्याआधी कोण, ते वाळवीला ठाऊक.

उरलेलं सगळ्यात जुनं पान प्लेगचं.
नावं नाहीत, नुसत्या उभ्या रेघा,
चार झाल्या की पाचवी आडवी.
एकीच्या पुढं तेवढं कुणीतरी लिहिलंय:
‘गंगी, तालीमवाल्याची. पायांत वाळे तसेच.’
कुणाला सांगायचं होतं, कळत नाही.

मग शाई बदलते, अक्षर बदलतं.
पैलवान, गुळाचे अडते, पडदे रंगवणारा एक.
वय, पेठ, कारण.
‘रक्कम’ हा रकाना छापखान्यातूनच येतो,
तो कोरा जातो.
बाहेरगावचा माणूस पाकीट काढून विचारतो, किती झाले?
काही न्हाई, म्हणतो आम्ही.
तेव्हा कुठं त्याला रडू फुटतं.

होळीला पोरं ट्रॉली भरून शेणी आणतात,
शिव्या देत, हसत उतरवतात.
मी लिहितो: शुक्रवार पेठ, तेवीसशे.
प्रत्येक शेणीवर कुणा बाईची पाच बोटं.
ती मोजत नाही कुणी.

त्या वर्षी नदीच आत आली,
चौथऱ्यांवर सात दिवस बसून राहिली.
वही मी डोक्यावर धरून नेली.
पाणी उतरल्यावर पहिलं नाव तातोबांचं.
वय अठ्ठ्याऐंशी. शिवाजी पेठ.
कारणापाशी थांबलो, मग लिहिलं, म्हातारपण.
आणि कोऱ्या रकान्यात, का कोण जाणे,
एक उभी रेघ ओढली.