खालून वर

सदरला, चर्चमागच्या हॉलमध्ये, बुधवारी साडेसहाला
डोरीन मॅडम फळ्यावर तीन उभ्या रेघा मारतात.
मधली म्हणजे तुमचा कणा.
डावीकडे डावा पाय, उजवीकडे उजवा.
आणि वाचायचं खालून वर.
मुनघाटे सर, भूगोलाचे, निवृत्त, दोनदा विचारतात: खालून?
खालून. पाय कुठं असतात, सर?

आम्ही सात जण, सगळे चाळिशीपलीकडचे.
गोकुळपेठेतल्या मोच्यानं जुन्या बुटांना पत्रे ठोकून दिले,
म्हणाला, कावून बाप्पा, घोड्याले ठोकतेत तसे?
तस्नीमच्या टाचेचा पत्रा पहिल्याच दिवशी सुटून
कूलरखाली गेला.

तीन बुधवार मी नुसती घसरत होते.
कानानं ऐकलं की पाय घाई करायचा,
पाय आवरला की कान मागं राहायचा.
जन्म पाचपावलीतला
आणि चार पावलं मोजता येईनात.

चौथ्या बुधवारी मॅडमनी चौकटींचा कागद वाटला.
काळं घर चवडा, तिरपी रेघ टाच.
माझ्या आधी माझ्या बोटांनी ओळखलं,
हा तर बाबांच्या मागावरचा कागद.

बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे.
समोर खिळ्याला काठाचा नकाशा,
तोही खालून वर, कापड वाढतं तसा.
डावी पावडी, धोटा, फणी,
उजवी पावडी, धोटा, फणी.
एक ठक् आणि दुसरा ठक् यांच्या मधे
एवढीशी जागा असायची,
तिथं ते श्वास घ्यायचे
आणि उंबऱ्यावर बसून मी
पाढ्यातला एक आकडा म्हणायची.
गल्लीत पॉवरलूम आले,
तेव्हा ती जागा सगळ्यात आधी गेली.

रिकामं घर म्हणजे मग काहीच नाही का?
मुनघाटे सरांनी विचारलं.
मॅडम खाली वाकून खडू शोधत होत्या.
मीच बोलले:
नाही सर, ते पण मोजायचं. तिथं पाय वर असतो.

उभी राहिले. चवडा, टाच, चवडा,

कूलरमध्ये पाणी ठिबकलेलं ऐकू आलं,

टाच.

पुन्हा, मॅडम म्हणाल्या, उजव्या पायानं उशीर केला.
केला होताच.

कागदाची घडी करवेना, पर्समध्ये तो मावेना.
गुंडाळी हातात धरून
चौकात ऑटोची वाट बघत उभी होते.
सँडलच्या आत अंगठा
त्याचं त्याचं वाचत होता.