सराव मुलाखत

अजुमानीत, पत्र्याच्या सभागृहात,
प्रशिक्षणाचा तिसरा दिवस.
फळ्यावर कलम तेहतीस:
जिवाला धोका, तिथे परत धाडू नये.

सरावाला एक माणूस कमी पडला
म्हणून चहा देणाऱ्या केजीलाच बसवलं खुर्चीत.
'निर्वासित हो थोडा वेळ,' अमोको बाई म्हणाल्या.

लोमोरोने अर्ज पुढे ओढला.
सीमा ओलांडल्याची तारीख?
'ज्वारी पोटऱ्यात होती.'
महिना तरी?
'धाकटा पाठीवर होता.
नदीच्या अलीकडे आले तेव्हा
पाठ हलकी.'

रकाना एवढासा.
लोमोरो समासात लिहू लागला, मग
समासही संपला.
बाईंच्या हातात खडू तसाच.

केजी उठली.
'जमलं का बरोबर?'
विचारलं, आणि कप गोळा करत गेली,
न प्यालेलेही.