भरतीची वेळ

फॉर्मवर रकाना आहे : घराला पायऱ्या किती?
एर्सिरा म्हणते, भरतीला तीन,
ओहोटीला अकरा,
खालच्या चार शेवाळलेल्या.

दाराची रुंदी तिने दोरीने मोजून आणलीय,
गाठ मारून.
मी टेप लावते : सत्तर सेंटिमीटर.
व्हीलचेअर अडुसष्ट.
बोटं सोलवटतील, मी म्हणते.
"त्याची? जाळ्यांनी केव्हाच सोलून ठेवलीत."

एलेउतेरिओ खिडकीशी. अर्धं तोंड
अजून पाण्याखाली असल्यासारखं.
कालपासून एकच शब्द नीट येतो : चूल.
पेटती आहे ना, असं विचारतोय
की मला तिच्याजवळ ठेवा, असं?
आम्ही दोघींनी दोन अर्थ लावलेत.

गोळ्या तीन वेळा. पाणी घट्ट करून.
रात्री कूस कोण बदलणार?
ती.
आणि तिची कोण, त्याला रकाना नाही.

"होडीतून उतरवताना..." मी सुरू करते.
ती हसते. माझ्या आजोबांचं अख्खं घर
शेजाऱ्यांनी या बेटावरून त्या बेटावर नेलं,
काठापर्यंत बैलांनी, पुढे होड्यांनी ओढत,
खिडक्यांच्या पडद्यांसकट.
हा तर एक माणूस,
त्यातही बारा किलो उतरलेला.

डॉक्टरांनी लिहिलं होतं सोमवार, सकाळी अकरा.
कास्त्रो बंदराचं वेळापत्रक बघून
मी खोडते :
मंगळवार, पहाटे पावणेसहा.

मार्चमध्ये भरती केला होता.
सोडायचा, तोही भरतीलाच.

पायऱ्या : तीन.
पेन्सिलीने लिहिते.